दप्तर सरकारचे जळाले, पुरावा मात्र शिपायाने आणावा!

अमेरिकेत सेंट लुईसजवळील सरकारी दप्तरखान्यास १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सैनिकांच्या १ कोटी ६० लाखांवर सेवा-नोंदी भस्मसात झाल्या. दुसरी प्रत नव्हती, सूचीदेखील नव्हती! आता एखाद्या वृद्ध सैनिकाने आपली रणभूमीवरील नेमणूक वा पदक नोंदवून मागितले, तर नोंद-दुरुस्ती मंडळ सरकारी कारभार यथास्थित होता असे गृहीत धरते व पुराव्याचा भार त्याच्याच माथी मारते. वर तीन वर्षांची मुदत. ती न्यायासाठी शिथिल होते खरी, पण मंडळाच्या मर्जीने. राखेसंबंधी कसले हे गृहीतक? भत्त्याच्या दाव्यांत पुरावा समसमान भरल्यास संशयाचा फायदा सैनिकास देणारा कायदा त्याच देशात आहे. मग पदकाच्या एका ओळीपुरताच हा हात आखडता का?