ट्रायपॉड ठेंगणा हवा

छायाचित्रणाचा नाद लागलेला विद्यार्थी आधी कॅमेरा घेतो, मग भिंग घेतो आणि उरल्यासुरल्या पैशांत जमलेच तर ट्रायपॉड घेतो. दुकानात त्याला दोनच प्रश्न सुचतात : उंची किती आणि वजन किती? दुकानदारही तिन्ही पाय लांबवून, मधला दांडा वर ओढून, "बघा, तुमच्या डोक्याच्या वर गेला!" असे कौतुकाने दाखवतो. माझ्या मते ही पारखच उलटी आहे. ज्याला उघड्या माळावर हिंडून फुले, किडे, शेवाळे यांची जवळून चित्रे घ्यायची आहेत, त्याने ट्रायपॉड किती वर जातो यापेक्षा किती खाली बसतो, हे आधी विचारावे.

आमच्या धारवाडकडे टिपण्याजोगे जे आहे, त्यातले पुष्कळसे गुडघ्याच्या खालीच असते. मृगाचा पाऊस पडला की तांबड्या मातीवर मखमली अंगाचे मृगाचे किडे फिरू लागतात. पावसाळ्यात गवतात लाजाळूचे गुलाबी गोंडे फुलतात. साताऱ्याच्या कास पठारावर गेलात, तर दवबिंदू ही किडे खाणारी इवलीशी वनस्पती पायाशी वाकूनच पाहावी लागते. ज्याचा ट्रायपॉड दीड-दोन फुटांखाली येत नाही, तो अशा वेळी काय करतो? फूल खुडून दगडावर ठेवतो. किडा काडेपेटीत घालून खोलीवर नेतो. हे मी एकाहून अधिक सहलींत पाहिले आहे. चित्र सुरेख येते, यात शंका नाही. पण ते फूल कोणत्या मातीत, कोणाच्या शेजारी उगवले होते, हे त्यातून पुसले जाते आणि खुडलेल्या फुलाला बी धरत नाही ते वेगळेच.

थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. धारवाड तेव्हा त्याच इलाख्यात होते. त्या काळी वनस्पती ओळखायची, तर ती उपटून, दाबून, वाळवून ठेवण्याला पर्याय नव्हता. पुढे २००१ साली पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर यांचे सह्याद्रीतील फुलांचे सचित्र पुस्तक आले. व्यवसायाने अभियंता असलेला माणूस कॅमेऱ्याच्या बळावर केवढे काम करू शकतो, हे त्याने दाखवून दिले. कॅमेऱ्याचा खरा लाभ हाच की, झाड जागेवर राहते आणि त्याची नोंद आपल्याबरोबर येते. खाली न बसणारा ट्रायपॉड नेमका हाच लाभ घालवतो.

काही मित्र म्हणतात, "आता कॅमेऱ्यातच हात स्थिर करण्याची सोय आहे, मग हे ओझे कशाला?" युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची झाली, तर भिंगाचे छिद्र एफ/१६ इतके बारीक करूनही सुमारे २ मिलिमीटर खोलीचाच भाग रेखीव येतो. उकिडवे बसलेल्या माणसाचे अंग श्वासागणिक त्याहून अधिक पुढेमागे होते. छिद्र बारीक म्हणजे प्रकाश कमी आणि आपल्याकडचे पावसाळी आभाळ तर आधीच अंधारलेले. अशा वेळी तीन पायांवाचून गत्यंतर नाही.

मग निवडावे काय? पाय जवळजवळ आडवे पसरता आले पाहिजेत आणि मधला दांडा आखूड किंवा काढून ठेवता येणारा हवा. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आला की पुरे. दांडा वर ओढला की ट्रायपॉडचा जोर जातो, म्हणून त्याची उंची हिशेबात धरूच नये. वजन एक ते दीड किलोच्या आत असावे. फार जड असेल तर तो खोलीवरच राहतो आणि अगदीच हलका असेल तर माळावरच्या वाऱ्यात थरथरतो. कार्बनचा हलका व चांगला, पण महाग. विद्यार्थ्याला अॅल्युमिनियमचा पुरतो. कॅमेरा आणि भिंग यांच्या वजनाच्या निदान दुप्पट भार पेलणारा घ्यावा. पाय चार तुकड्यांचा असला तर पिशवीत मावतो. पाच तुकड्यांत शेवटची नळी फारच बारीक होते. आणखी एक स्थानिक सूचना : नवलगुंदकडची काळी माती कळीत शिरली की सुटता सुटत नाही. तेव्हा पाय सुटे करून धुता येतात की नाही, हे घेण्यापूर्वीच पाहावे.

एवढाही खर्च झेपत नसेल, तर जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो जोंधळे भरून तोंड शिवून टाकावे. त्यावर कॅमेराच काय, मोबाईलही जमिनीलगत घट्ट बसतो. मूर्ती लहान पण कीर्ती महान!

ट्रायपॉड घेतला म्हणजे सर्व साधले असे मात्र नाही. वाऱ्याने डोलणारे फूल तो थांबवू शकत नाही. त्यासाठी सकाळी लवकर उठावे लागते. पाय रोवताना शेजारची रोपे चिरडली, तर न खुडण्याचे पुण्यही गेले. शिवाय बदामी-पट्टदकलसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आगाऊ परवानगी लागते. हेही जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शेवटी आपल्या प्राध्यापकवर्गाला एक विनंती. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक सर्वांसाठी असतो; प्रत्येकाने तो विकत घ्यावा असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी एक-दोन ठेंगणे ट्रायपॉड घ्यावेत आणि ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे सहीवर द्यावेत. सहलीहून परतताना वहीत दाबलेली फुले कमी आणि जागच्या जागी टिपलेली फुले अधिक आली, तर तो खर्च वाया गेला असे कोणीही म्हणणार नाही.