पाय दिला, पायरीचं काय?



दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी आपल्याकडे दानाची यादी वाचतात. गेल्या वर्षी आमच्या यादीत एक तीनचाकी सायकल होती. चिचगडला माझं शिवणकाम जिच्याकडे असतं, तिच्यासाठी. तिला लहानपणी पोलिओ झाला, एक पाय बारीक राहिला. पन्नाशी गाठली तरी मशीन थांबलेली नाही. आम्ही सात-आठ जणींनी पैसे जमवले, सायकल आणली, हार घातला, फोटोही काढला. चार महिन्यांनी ब्लाउजाचं माप द्यायला गेले, तर सायकल पडवीत आणि तिच्यावर कांद्याचं पोतं. मला रागच आला, खोटं कशाला सांगू?

ती शांतपणे म्हणाली, "भाभी, गावात तं मी काठीवर जातेच. मले जाचं असते देवरीले, गोंदियाले. थे सायकल बसमदी चढते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिचगडला रेल्वे नाही. अस्तर, दोरे, बटणं घ्यायची तर देवरी. मोठा दवाखाना, प्रमाणपत्राचं काम म्हटलं की देवरीहून पुढे गोंदिया. सगळं रस्त्यानंच. आणि बस तिनं कधीच सोडली आहे. तरुणपणी एकदा चढताना लुगडं पायात आलं आणि ती पायरीवरून खाली पडली. कुणाची चूक नव्हती, पायरीच उंच. तेव्हापासून भाच्याला वेळ असेल तर त्याच्या मोटारसायकलवर, नाहीतर रिक्षा ठरवून.

मी बी.कॉम. आहे. हिशेब दिसला की राहवत नाही. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलं तर सोबत्यालाही सवलत मिळते. मार्च २०२३ पासून आपल्याला, सगळ्याच बायकांना, अर्धं तिकीट आहे आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेते. पण जिला बसमध्ये चढताच येत नाही, तिच्या वहीत ही सवलत शून्य रुपये लिहावी लागते. सवलत कागदावर जमा आणि रिक्षाचं भाडं रोख नावे. एका खेपेत तिची तीन-चार दिवसांची शिलाई जाते.

पुढच्या वेळी स्टँडवर उभ्या असलेल्या एका बसला मी शिवणाची टेप लावली. लोक बघत होते, बघू देत. जमिनीपासून पहिली पायरी सतरा इंच. आपल्या घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. नेहमीच्या उंच बसची आतली फरशी जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटर असते, म्हणजे साधारण पस्तीस इंच. परत आल्यावर स्वयंपाकाचा ओटा मोजला, तर तो तेहतीस भरला. एका पायावर, हातात काठी घेऊन, मागे रांग ढकलत असताना ओट्यावर चढून दाखवा. मला तर दोन्ही पायांवर जमणार नाही, माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.

"कंडक्टर हात देतात की!" असं एक जण म्हणाली. देतात, आणि त्या माणसांचं मला कौतुकच आहे. पण दर वेळी परक्या पुरुषानं काखेत हात घालून उचलायचं, बाईनं अंग चोरायचं आणि वर आभार मानायचे, हे आपण कुणी स्वतःसाठी चालवून घेऊ का? मुंबईच्या विराली मोदी व्हीलचेअर वापरतात. रेल्वेत चढवताना हमालांनी आपल्याला वाईट हेतूनं हात लावला, हे त्यांनी काही वर्षांपूर्वी उघडपणे सांगितलं आणि गाड्या सोयीच्या व्हाव्यात म्हणून सह्यांची मोहीम काढली. बोलायला केवढं धाडस लागलं असेल! आपल्या गावातल्या बाया बोलत नाहीत, त्या घरीच बसतात. मग आपण म्हणतो, स्टँडवर तर कोणी अपंग दिसत नाही, सोय कुणासाठी करायची? आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या. शटर खाली ओढून ठेवायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, हा कुठला धंदा? २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. ते कुठेतरी असतीलच ना.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्याचं ४१ वं कलम प्रवासाचंच आहे. बसस्थानकं सोयीची हवीत, आणि जुन्या वाहनांतही जिथे शक्य, सुरक्षित आणि परवडणारं असेल तिथे बदल करावेत, असं त्यात आहे. पण नियमांची भाषा ढिली राहिली. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसत्या सूचना पुरणार नाहीत, बंधनकारक नियम करा, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. कॉलेजात कायद्याच्या तासाला आम्हाला 'शॅल' आणि 'मे' मधला फरक घोकायला लावायचे. तो इतक्या वर्षांनी असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, मुंबईसारखी खाली टेकलेली बस इकडच्या खड्ड्यांत आणली तर पोट घासेल. बरोबर आहे. नागपूरच्या मेट्रोत लिफ्ट आहे, व्हीलचेअर थेट डब्यात जाते, पण चिचगडला मेट्रो मागायला मी काही वेडी नाही. मला हवंय ते एवढंच: स्टँडवर बसच्या दारापाशी सिमेंटचा एक लांब ओटा, पहिल्या पायरीच्या उंचीचा, एका टोकाला उतार असलेला. दाराच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांडे. पहिल्या पायरीखाली ओढून काढायची आणखी एक पायरी. आणि दिवसातून निदान एक बस अशी, की जिच्यात घडीचा उतार आणि व्हीलचेअरला जागा आहे, आणि जिची वेळ फळ्यावर लिहिलेली आहे. चौथी गोष्ट महाग आहे, मान्य. पहिल्या तीन नाहीत. आपल्या एका वर्षाच्या मंडपाच्या खर्चात तो ओटा होईल, पण तो आपल्या वर्गणीतून होऊ नये असं मला वाटतं. तो तिचा हक्क आहे, त्यावर आपल्या नावाची पाटी कशाला?

दानाविरुद्ध मी बोलत नाही. जयपूर फूट घराघरात पोहोचवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये डी. आर. मेहतांनी सुरू केली, तिचा मला अभिमान आहे. पण पाय मिळालेल्या माणसाला कुठेतरी जायचं असतं! शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी तिथे डोली मिळते, आणि माझ्या सासूबाईंचं दर्शन तिच्यामुळेच झालं. देवाला जायला सोय हवी हे आपल्याला कळतं, दोऱ्याची रिळं आणायला हवी हे कळत नाही. आपले मुनी आयुष्यभर पायी विहार करतात, वाहनाला शिवत नाहीत, पण तो त्यांनी स्वतः घेतलेला नियम आहे. हिच्यावर तो आपण लादलाय. चार दानांत अभयदान सगळ्यात मोठं मानतात. आपण ते बकऱ्या-कोंबड्यांपुरतं ठेवलंय. पायरीवर पाय ठेवताना तिच्या पोटात जो गोळा येतो, तो घालवणं अभयदानात बसत नाही का?

अर्ज मी लिहिला आहे. मथळा दिला होता 'अपंग भगिनींसाठी विनंती'. तिनं वाचून 'विनंती' खोडायला लावलं आणि 'अपंग भगिनीं'च्या पुढे 'व म्हाताऱ्या बाया' असं घातलं. हे दुसरं माझ्याकडे बघून. पहिली सही तिची झाली आहे, दुसरी माझी. येत्या चतुर्दशीला दुपारी तो माझ्या घरी ठेवते आहे, नंतर आम्ही दोघी देवरीला नेऊन देऊ. रिक्षा या वेळी माझ्या खर्चानं. अक्षर बारीक आलंय, चष्मा घेऊन या.

जय जिनेंद्र.