बनवाबनवी हाच आर्ट सिनेमा (या भांडायला)

तर मंडळी, शनिवार दुपार, प्रॉडक्शनला काही पेटलेलं नाही, पोटात मिसळ आहे. म्हणजे भांडण काढायला अगदी योग्य मुहूर्त.

आमच्या ऑफिसात एक सिनेमावाला कंपू आहे. चहाच्या टपरीवर उभे राहिले की कुरोसावाच्या खाली कोणी उतरत नाही. परवा मी म्हणालो, 'अशी ही बनवाबनवी' हा मराठीतला सगळ्यात नेटका लिहिलेला सिनेमा आहे. एकाने कपाळावर हात मारला. दुसरा समजूतदारपणे म्हणाला, "अरे, तो कल्ट आहे रे." माझं डोकं फिरलं ते या दुसऱ्यामुळे. कल्ट म्हणजे काय? तर आवडतो, तोंडपाठ आहे, पण कबूल करायची लाज वाटते, म्हणून वरून पांघरलेली इंग्रजी शाल.

हेच लोक बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट'चं (१९५९) नाव काढलं की कानाच्या पाळ्या पकडतात. त्यात दोन पुरुष शिकागोच्या गुंडांना घाबरून बायकांचे कपडे घालतात. १९८८ च्या आमच्या सिनेमात दोन पुरुष पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून साडी नेसतात. आता सांगा, वास्तववाद कुठे जास्त आहे? शिकागोचे गुंड मी पाहिलेले नाहीत. पुण्यातले घरमालक पाहिलेत.

मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६), हे मला माहीत आहे, कृपया कळवू नये. वसंत सबनिसांनी ती अशी काही पुण्यात आणून बसवलीय की मूळ सिनेमाचं नाव फक्त माझ्यासारख्या आगाऊ लोकांना ठाऊक असतं. प्रत्येक थापेला पुढची थाप लागते, आणि एकही थाप वाया जात नाही. असा कोड मी आयुष्यात लिहिलेला नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. सचिन यांच्या अभिनयापेक्षा त्यांची सुधा मला जास्त आवडते, हे माझं वैयक्तिक मत. असो.

बाकी पुरुषाने साडी नेसणं हा तर आपल्या सिनेमाचा जन्मदाखलाच आहे. आमच्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) तारामती मिळेना, तेव्हा त्यांनी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. डबल रोल, तोही नवरा-बायकोचा! करून दाखवा म्हणावं कुठल्याही मेथड ॲक्टरला.

एक खोट मात्र मान्य करतो. लीलाबाईंची अट एकच, भाडेकरू जोडपं हवं. माझा रूममेट आणि मी मागच्या वर्षी जागा शोधत होतो, तेव्हा एका एजंटने लग्न झालंय का हे विचारायच्या आधी आडनावं विचारली. माझं ऐकून "चालेल" म्हणाला. त्याचं ऐकून "मालकांशी बोलून कळवतो." आजतागायत कळवतोय. यावर साडीचा इलाज नाही, आणि बनवाबनवी या प्रश्नाच्या आसपासही फिरकत नाही. तिथे 'फँड्री'च बघावा लागतो. शेवटी जब्याने भिरकावलेला तो दगड बघताना मी थेटरात मान बाजूला केली होती, खरं सांगतो.

म्हणजे आर्ट सिनेमाशी माझं वैर नाही. बेला टारचा सात तासांचा 'सॅटनटँगो' मी तीन वीकेंड खर्चून पाहिलाय. सुरुवातीला आठेक मिनिटं गायी चालतात. छान चालतात. पिंपळगावला आमच्या गल्लीतही चालतात, पण तिथे डोळे मिटून "काय फ्रेम आहे" म्हणणारं कोणी नसतं. माझा राग आहे तो या डोळे मिटण्यावर. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' कॉलेजात दाखवला होता. बाईने स्लीव्हलेस घातलं म्हणून न्यायाधीश तिची केस पुढे ढकलतो, तिथे मी खो खो हसलो, तर मागून "शूऽऽ". का बाबा? विनोद आहे तो! चांगला आहे! पण सिनेमाला पदक मिळालं की आपण सुतकात बसतो.

आणि गावाच्या सिनेमाला तर दुप्पट सुतक. पडद्यावर शेतकरी आला की मल्टिप्लेक्सात पॉपकॉर्न चावायचा आवाज कमी होतो. तो एक तर मरणार, नाही तर आभाळाकडे बघणार. आमचे नाना आभाळाकडे कमी आणि मोबाइलवर टोमॅटोचा भाव जास्त बघतात. क्रेटमागे पाच रुपयांवरून व्यापाऱ्याशी घातलेला वाद, फवारणीचा हिशेब, दुसऱ्याच्या बागेबद्दलची जळजळ, हे सगळं मी अजून सिनेमात शोधतोय.

म्हणून सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) मला एवढा आवडतो. विदर्भातला कापूसवाला, कर्ज, शेजारची आत्महत्या, सगळं तेच. पण बायकोला संशय येतो की आपलाही नवरा काहीतरी करून घेणार. मग ती त्याला गोडधोड खायला घालते आणि पोराला पाळतीवर सोडते. नवरा बिचारा वैतागलेला. हा चक्क विनोदी सिनेमा आहे, आणि म्हणूनच त्यात जीव अडकतो. हे बोललो की आमचा कंपू मला असंवेदनशील ठरवतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मुद्दाम नानांना दाखवला. मला वाटलं, झोपतील. तर पोरगं बापाच्या मागे मागे फिरतं तिथे ते जोरात हसले. आई आत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौदाला गारपीट झाली, तेव्हा तुझी आई तुला चहा घेऊन बागेत धाडायची. दिवसातनं चार चार वेळा."

मला आठवलं. मार्च महिना, बांधापर्यंत झडलेले घड, माझी बारावीची परीक्षा आणि हातात थर्मास. मी आईवर किती चिडायचो. एवढा चहा कोण पितं, असं म्हणायचो.

"तुम्हाला कळत होतं?" मी विचारलं.

"मग! चहा प्यायचो ना मुकाट्यानं. नाही पिला तर तू तिथंच बसून राहायचा."

आतून आईने विचारलं, कशाला हसताय. नाना म्हणाले काही नाही, आणि रिमोट घेऊन चॅनल बदलत बसले. कुठल्याशा चॅनलवर बनवाबनवी लागला होता, अर्धा होऊन गेलेला. आई हात पुसत बाहेर आली आणि पार्वतीच्या डोहाळजेवणापर्यंत तिथेच उभी होती.