साथीसारखा पसरणारा निरोप

सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळ सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, तरुण रस्त्यावर उतरले आणि त्याच दिवसांत ‘बिटचॅट’ नावाचे अ‍ॅप तिथे धडाधड डाउनलोड झाले. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी ते जुलैमध्ये आणले होते. त्याला ब्लूटूथवर चालायला ना सिमकार्ड लागते, ना इंटरनेट. निरोप एका फोनकडून शेजारच्या फोनकडे, तिथून पुढच्याकडे असा जास्तीत जास्त सात टप्पे जातो. चर्चा झाली ती आंदोलनाच्या अंगाने. आपत्तीत सापडलेल्या रुग्णाला या तंत्राचा काय उपयोग, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

खरे तर तो आधी विचारायला हवा. सप्टेंबर 2017 मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने पोर्तो रिको बेटावरचे सुमारे 95 टक्के मोबाइल टॉवर बंद पाडले. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघरी पाहणी केली. वादळानंतरच्या मृत्यूंपैकी जवळपास एकतृतीयांश मृत्यू उपचारांना उशीर झाल्याने किंवा ते खंडित झाल्याने झाले, असे त्यातून दिसले. दुर्गम भागातल्या काही घरांनी आपत्कालीन क्रमांक लागलाच नाही, असेही सांगितले. आपल्याकडे 2023 मध्ये एकाच वेळी असंख्य फोन कर्कश वाजले, ती सरकारी चाचणी अनेकांना आठवत असेल. तो इशाराही टॉवर चालू असेल तरच पोचतो.

टॉवरविना निरोप पोचवायचा तर प्रत्येक फोनला पोस्टमन व्हावे लागते. अडचण वाटेची आहे, कारण इथले प्रत्येक ठाणे चालते-फिरते. 2003 मध्ये जाहीर झालेल्या ‘एओडीव्ही’ पद्धतीत फोन आधी ‘अमक्याकडे जायची वाट कोणाला ठाऊक आहे का?’ असे आसपास विचारतो. उत्तर आले की त्या वाटेने निरोप सुटतो. मधला एक जण उठून गेला की वाट मोडते आणि पुन्हा विचारणा. दोन टोकांना जोडणारी सलग साखळीच नसेल तर ही पद्धत हात टेकते.

अशा वेळची युक्ती ड्यूक विद्यापीठातल्या अमीन वाहदात आणि डेव्हिड बेकर यांनी 2000 मध्ये मांडली. तिचे नावच ‘एपिडेमिक राउटिंग’. दोन उपकरणे जवळ आली की आपापल्या निरोपांच्या याद्या ताडतात आणि आपल्याकडे नसलेले उचलतात. पुढे कोणी भेटेपर्यंत निरोप खिशात. साथरोगाचे गणित इथेही लागू पडते. निरोप बाळगणारा फोन सरासरी एकाहून अधिक फोनांना तो देत असेल तरच तो पसरतो. गर्दीत भराभर, विरळ वस्तीत विझत जातो. प्रती बेसुमार वाढल्या की मेमरी भरते, बॅटरी उतरते. म्हणून 2005 मध्ये ठरावीक प्रतीच वाटणारी ‘स्प्रे अँड वेट’ पद्धत आली. आणखी एक उपाय वाचून डॉक्टरांना हसू येईल. निरोप पोचला की त्याची पोच पसरू लागते. ती मिळालेला फोन आपली प्रत पुसतो आणि तोच निरोप पुन्हा घेत नाही. संशोधकांनी तिला ‘लस’ म्हटले आहे!

काठमांडूच्या चौकात जे जमते ते डोंगरात जमेलच असे नाही. जुलै 2023 मध्ये दरड कोसळली तेव्हा इर्शाळवाडीला रस्ता नव्हता, पायवाट होती. ब्लूटूथचा पल्ला काही दहा मीटरांचा. अशा ठिकाणी साखळी बनत नाही. खाली उतरणाऱ्याच्या खिशातूनच निरोप येणार आणि त्याच्या चालीने येणार. काही किलोमीटर पल्ल्याचे ‘लोरा’ रेडिओ हे अंतर कापू शकतात, पण त्यांवरून जेमतेम चार ओळी जातात.

रुग्णालयाला बहुधा चार ओळीच पुरतात: किती जखमी, कुठे, कोणाला आधी हलवायचे. धोका वेगळाच आहे. सकाळचा ‘चार गंभीर’ हा निरोप दुपारी दोनदा आला तर आठ खाटा अडतात. प्रत्येक निरोपावर वेळ आणि क्रमांक नसेल तर तो न आलेला बरा. शिवाय रुग्णाची माहिती परक्यांच्या फोनांतून जाणार, म्हणजे कुलूप पक्के हवे. बिटचॅट आल्यानंतर, त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा-तपासणी झालेली नाही, असे त्यावरच लिहिले गेले.

गाव आणि रुग्णालय यांच्यामध्ये रोज फिरणारे वाहन आपल्याकडे आहेच, 108 ची रुग्णवाहिका. वाटेतल्या उपकेंद्रांचे निरोप उचलणारे छोटे यंत्र तिच्यात बसवून पावसाळ्यापूर्वी एखाद्या डोंगरी तालुक्यात ते चालवून पाहता येईल. टॉवर पडल्यावर अ‍ॅप डाउनलोड करता येत नाही.