ऊन पाण्याची टाकी : घेणाऱ्याचा विचार आणि विकणाऱ्याचा शब्द

आमच्या बालपणी घरातील ऊन पाण्याचा प्रश्न एका तांब्याच्या बंबाने सोडविलेला असे. पहाटे कोणी तरी उठून त्यात ढलप्या घालाव्या, धुराने न्हाणीघर भरून जावे आणि एकामागून एक सर्वांनी स्नाने उरकावी, असा क्रम होता. लागेल तेवढेच पाणी लागेल तेव्हा तापविले जाई; म्हणून ते साठविण्याचा विचार कोणास करावा लागला नाही. सांप्रत बंब माळ्यावर गेला असून गच्चीवर सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणारी यंत्रणा आली आहे. सूर्य दिवसा तापवितो आणि आपण पहाटे स्नान करतो. मधली रात्र ज्या टाकीच्या भरवशावर काढावयाची, तिची निवड मात्र आपण फारसा विचार न करता करतो. या बेपर्वाईविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आमचीच चूक सांगतो. सन २०१६ मध्ये बेळगावातील आमच्या घरी टाकी बसवावयाची ठरली. घरात पाच माणसे. विक्रेत्याने सांगितले, "पाहुणे येतात, मोठीच घ्या." आम्ही ३०० लिटरांची टाकी घेतली, उष्णता शोषणारे पत्रे मात्र खर्च वाचविण्यासाठी १५० लिटरांपुरतेच बसविले. व्यापाऱ्याच्या घरी जन्मूनही कोठार मोठे केल्याने आवक वाढत नाही, हे साधे तत्त्व त्या दिवशी आम्ही विसरलो.

हिशेब अगदी सोपा आहे. २० अंशांचे पाणी ६० अंशांवर नेण्याइतकी उष्णता १५० लिटरांसाठी मिळत असेल, तर तीच उष्णता ३०० लिटरांत वाटली जाऊन पाणी ४० अंशांवरच थांबते. ते ६० अंशांवर न्यावयाचे तर विजेचे सुमारे ७ युनिट जळतात. शिवाय दिवसेंदिवस कोमट राहणाऱ्या साठ्यात रोगजंतू वाढण्यास अनुकूल स्थिती मिळते; ६० अंशांच्या पाण्यात ते तग धरीत नाहीत. याउलट ६० अंशांचे २५ लिटर पाणी तितक्याच २० अंशांच्या पाण्यात मिसळले म्हणजे ४० अंशांचे ५० लिटर होते, आणि एका माणसाच्या स्नानास ते पुरून उरते. म्हणजे पाच माणसांस १२५ लिटर. १५० लिटरांची टाकी, तिला साजेसे पत्रे, आणि पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी विजेची जोड एवढे पुरेसे होते.

दुसरी चूक अधिक महाग पडली. आमच्या घरी बोअरिंगचे पाणी आहे. ते जड. असे पाणी तापले की त्यातील चुना सुटून नळ्यांत व टाकीत पांढरी खपली धरतो. पाण्यात क्लोराईडचे क्षार अधिक असतील तर न गंजणारे म्हणून विकले जाणारे पोलादही सांध्यांपाशी टोचले जाऊन गळू लागते. सन २०२० च्या पावसाळ्यात आमची टाकी तशीच गळू लागली. तेव्हा कळले की आधी पाण्याची तपासणी करावयाची आणि मग टाकीची धातू ठरवावयाची. आतून काचेसारख्या लेपाची टाकी घेतल्यास तिच्यात मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो स्वतः झिजून टाकीस वाचवितो. परंतु झिजल्यावर तो बदलावा लागतो, ही गोष्ट ग्राहकास सहसा कोणी सांगत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. टाकीभोवती पफचा ५० मिलिमीटरांच्या आसपास जाडीचा सलग थर असावा. तो पातळ वा पोकळ असेल तर दिवसाची कमाई रात्री वाऱ्यावर जाते. पाणी तापले की फुगते. २० अंशांवरून ६० अंशांवर जाताना १५० लिटरांचे सुमारे सव्वादोन लिटर अधिक होतात. म्हणून गच्चीवरील टाकीस हवेची उघडी नळी दिलेली असते. तिच्यातून पाणी सांडते म्हणून ती बुजविणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. ही गोष्ट धोक्याची आहे. टाकी फाटू शकते. आणखी एक सूचना आमच्या घरांपुरती: टाकीतील पाणी कितीही ऊन असले तरी ते उकळलेले पाणी नव्हे. व्रतस्थांसाठी वा आजाऱ्यासाठी लागणारे पिण्याचे पाणी गाळून स्वयंपाकघरातच उकळावे.

आता मुख्य मुद्दा. हा माल घेणारे आपण आहोत, तसेच विकणारेही आपल्यातच आहेत. धान्य मुठीत घेऊन पाहता येते, कापड बोटांनी चाचपता येते. टाकीचे सर्व गुणदोष मात्र पत्र्याआड बंद असतात. आतले पोलाद कोणत्या प्रतीचे, पत्रा किती जाड, भोवतीचा थर सलग आहे की नाही, यांपैकी काहीही गिऱ्हाईकास दिसत नाही. अशा मालात विक्रेत्याचा शब्द हेच गिऱ्हाईकाचे वजनमाप. तो शब्द हलका निघाला तर उणे माप दिल्यासारखेच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, खरे सांगत बसलो तर शेजारचा दुकानदार स्वस्त माल खपवून जाईल. हे अगदीच खोटे नाही. परंतु गळलेली टाकी चार वर्षे प्रत्येक पाहुण्यास विक्रेत्याचे नाव सांगत गच्चीवर उभी असते, हेही तितकेच खरे. यास्तव आमची सभासद बंधूंस विनंती आहे की, धातूची प्रत, पत्र्याची जाडी, थराची जाडी आणि हमीच्या अटी पावतीवर स्वच्छ लिहून द्याव्यात. घरी माणसे किती व पाणी कोठले, हे विचारल्यावाचून लिटरांचा आकडा सांगू नये. घेणाऱ्यांनीही भाव विचारण्याआधी हेच चार प्रश्न विचारावेत. आम्ही ते विचारले नाहीत, आणि त्याची किंमत दुसरी टाकी घेऊन भरली.