पहिली निवड: वाचन आणि भाकीत

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, १९६५ पासून चालू आहे. दुबळ्या संघाला आधी निवडू द्यावे हे तिचे तत्त्व. (२०२३ पासून पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात, तरीही झुकते माप दुबळ्यांनाच.) अठरा वर्षांचा शाळकरी मुलगा घ्यावा की विद्यापीठात तीन वर्षे खेळून तयार झालेला तरुण, हा पेच संघापुढे दरसाल उभा राहतो. नवकवीच्या पहिल्या संग्रहावर अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाला तो अनोळखी वाटू नये.

संघाचे निरीक्षक प्रत्येक गुणाला २० ते ८० या मापात दोन आकडे देतात: एक आजचा, एक पुढे होऊ शकेल तो. आमच्या मते सारी गोम या दुसऱ्या आकड्यात आहे. पहिला वाचनातून येतो. दुसऱ्यात वाचणाऱ्याची इच्छा नकळत मिसळते. मुलाची उंची, खांद्यांची ठेवण, इतकेच काय, 'चेहरा चांगला आहे' असा शेराही जुने निरीक्षक देत. मायकेल लुईस यांच्या २००३ सालच्या 'मनीबॉल'ने या रसिकतेची यथेच्छ थट्टा केली.

२००८ साली टॅम्पा बे रेजने पहिल्या क्रमांकावर जॉर्जियातला शाळकरी टिम बेकहॅम घेतला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा कॅचर बस्टर पोझी पाचव्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला. त्या मोसमात पोझीची फलंदाजीची सरासरी ०.४६३ होती, म्हणजे संहिता समोर उघडी होती. पुढे त्याने २०१२ साली नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि संघासोबत तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. बेकहॅम २०१३ मध्ये मुख्य संघात पोचला, पण तारा झाला नाही. येथे भाकिताने वाचनावर मात केली, असे आम्ही म्हणू.

मात्र प्रत्येक फसलेली निवड चुकीच्या वाचनाची नसते. १९९१ साली यांकीजने पहिला निवडलेला गोलंदाज ब्रायन टेलर मुख्य संघात कधीच खेळला नाही; १९९३ मध्ये मैदानाबाहेरच्या एका भांडणात त्याचा खांदा निकामी झाला. या दुर्दैवाचा दोष निरीक्षकाच्या माथी मारणे म्हणजे कवी अकाली गेला म्हणून प्रस्तावनाकाराला धारेवर धरणे होय. निकालावरून निवड जोखण्याची ही सवय आम्हांला मान्य नाही. त्या दिवशी काय दिसत होते आणि ते किती नीट पाहिले गेले, एवढेच विचारावे.

आणि पाहणेही सोपे नसते. २००९ साली न्यू जर्सीचा माइक ट्राउट २५व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. थंड प्रदेशातला मुलगा, सामने थोडे, प्रतिस्पर्धी कच्चे. आकड्यांवर भरवसा कोण ठेवणार? त्याला घेणाऱ्या एंजल्सकडे २४वी निवडही होती आणि तिथे त्यांनी दुसऱ्याच खेळाडूला पसंती दिली होती! ट्राउट पुढे तीनदा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणूनच २०२१ पासून ४० फेऱ्यांऐवजी २० फेऱ्यांवर आलेला ड्राफ्ट आम्हांला खटकतो. खर्च वाचतो हे खरे. पण आपल्याला सुरुवातीलाच सारे नीट वाचता येते, हा आत्मविश्वास त्यामागे आहे. २०१६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दोघांचा एकत्र प्रवेश झाला. केन ग्रिफी ज्युनियर १९८७ च्या ड्राफ्टमधला पहिला होता. माइक पियात्झा १९८८ साली बासष्टाव्या फेरीत, तोही वडिलांच्या स्नेह्याच्या शब्दाखातर घेतला गेला होता.