चार बर्नर, चार बटणे

चार बर्नरच्या गॅस शेगडीकडे एकदा परक्या नजरेने पाहावे. बर्नर चौकोनात मांडलेले, दोन पुढे व दोन मागे; बटणे मात्र समोरच्या पट्टीवर एका ओळीत. कोणते बटण कोणत्या बर्नरचे, हे त्या मांडणीवरून कळत नाही. चार बटणे चार बर्नरना जोडण्याचे एकूण २४ प्रकार होतात. निर्माता त्यांतील एक निवडतो आणि तो लक्षात ठेवण्याचा भार गृहिणीवर पडतो. बटणापाशी चार ठिपक्यांची बारीक खूण छापलेली असते खरी. पण दूध उतू जात असताना ती न्याहाळण्यास सवड कोणाला?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांच्या झडपांऐवजी चाकेच आत घेत, आणि विमान पोटावर बसे. दोन्ही खटके शेजारी आणि दिसण्यास सारखे, हे चॅपॅनिस यांच्या ध्यानात आले. त्यांनी एका खटक्यावर चाकाच्या व दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराची मूठ सुचवली. अंधारातही हाताला फरक कळू लागला.

पुढे १९५९ साली लिंडेनबॉम यांच्यासह त्यांनी शेगडीच्या चार रचना तपासल्या. प्रत्येक रचनेवर १२०० प्रयत्न नोंदवले. बर्नर चौकोनात असलेल्या तीन रचनांत अनुक्रमे ७६, ११६ आणि १२९ वेळा चुकीच्या बटणाकडे हात गेला. चौथ्या रचनेत मागचे बर्नर किंचित बाजूला सरकवलेले होते. त्यामुळे समोरून पाहता चारही बर्नर बटणांच्याच क्रमाने दिसत. तेथे चुका झाल्या शून्य. त्या रचनेला ना चिठ्ठी लागली, ना माहितीपुस्तिका.

बँकेच्या नोकरीत ही गोष्ट मला निराळ्या रूपाने परिचित होती. पैसे भरण्याच्या पावतीवर दहा ग्राहक एकाच रकान्यात घोटाळा करू लागले, की ग्राहकाला बोल लावण्यापेक्षा तो रकाना पाहावा. स्वयंपाकघरात मात्र आपण उलट वागतो. ‘आईंचे हल्ली लक्ष नसते’ हे वाक्य किती सहज उच्चारले जाते!

आता तर बटणेच नाहीशी होत आहेत. नव्या इंडक्शन शेगडीची गुळगुळीत काच दिसायला देखणी. पण तीवर बोटांनी चाचपडून काही कळत नाही. ओल्या बोटाचा स्पर्श तिला पुष्कळदा उमगत नाही, आणि सांडलेल्या पाण्याचा थेंब मात्र बोट वाटतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना काचेखालची करडी अक्षरे दिसत नाहीत, आणि ती बहुधा इंग्रजीत असतात. चाळीस वर्षे ज्यांनी घराचा स्वयंपाक सांभाळला, त्या सासूबाई पहाटे पिण्याचे पाणी उकळायला ठेवण्यासाठी सुनेच्या उठण्याची वाट पाहत बसतात. यंत्र बिघडलेले नसते, म्हणून तक्रारही कोठे नोंदली जात नाही.

यावर उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही. उपकरण बाजारात आणण्यापूर्वी ते काही सामान्य माणसांच्या हाती द्यायचे आणि फक्त काम सांगायचे : ‘मंद आचेवर दूध तापवा.’ मग शेजारी बसून गप्प राहायचे. बोट कोठे अडखळते, कोणत्या क्षणी माणूस मान वर करून मदत शोधतो, हे टिपायचे. साधा कागदावर काढलेला पट्टीचा नमुनाही आरंभी पुरतो. या विषयातील जाणकार जेकब नील्सन यांचे म्हणणे असे, की पाच माणसांकडूनच बहुतेक दोष उघड होतात. कठीण काय असेल, तर ते गप्प राहणे. ज्याने यंत्र घडवले, त्याची जीभ आवरत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची भांड्यांची व विद्युत उपकरणांची दुकाने आहेत. तेथे विक्रेता स्वतः सफाईने बटणे दाबून दाखवतो; ते प्रात्यक्षिक झाले, परीक्षा नव्हे. घरातील ज्येष्ठ बाई बरोबर आल्या असतील तर त्यांना पुढे बोलवावे, चष्मा पर्समध्येच राहू द्यावा आणि बोटे पाण्यात बुडवून शेगडी सुरू करण्यास सांगावे. बंद करण्यासही सांगावे, कारण घाईची वेळ तीच असते. त्या अडखळल्या तर मॉडेलचा क्रमांक लिहून ठेवावा आणि कंपनीचा प्रतिनिधी पुढील मागणी घेण्यास आला, की वही त्याच्यापुढे उघडावी.